पाणाड्याचा ‘पॉइंट’ : एका सेवेचे परीक्षण

बोअर घेण्यापूर्वी पाणाड्याला शेतावर आणून पाण्याची जागा दाखवून घेणे, ही ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास घेतली जाणारी आणि तरीही क्वचितच कोणी तपासून पाहिलेली सेवा आहे. शेतकरी पाचशे रुपयांची फवारणीची टाकी घेताना चार दुकाने फिरतो, ट्रॅक्टरचा टायर बदलताना गावातल्या दहा जणांचा अनुभव विचारतो. परंतु ज्या एका शब्दावर लाखाचा खर्च उभा राहतो, तो शब्द मात्र तो हात जोडून स्वीकारतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आमची थोडी जिरायत आणि थोडी विहिरीवरची जमीन आहे. ती माझे थोरले चुलते, म्हणजे अण्णा, पाहतात आणि मी पुण्यात राहून तिच्या खर्चाचा एक हिस्सा उचलतो. गेल्या काही वर्षांत या जमिनीवर बोअरच्या निमित्ताने पाणाड्याची सेवा वेळोवेळी घेतली गेली. ज्यांनी ती दिली ते परिसरात नावाजलेले गृहस्थ असल्याने, आणि माझा रोख व्यक्तीपेक्षा सेवेवर असल्याने, त्यांना येथे केवळ ‘मामा’ म्हणतो. अण्णाही त्यांना तसेच म्हणतात.

प्रथम सेवेचे स्वरूप सांगतो. मामा सकाळी लवकर, अनवाणी, शेताच्या पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करतात. हातात उंबराची बेचक्याची फांदी असते. तिचे दोन फाटे दोन मुठींत पालथे धरून ते सावकाश चालतात आणि पाण्यावर आले की फांदीचे टोक झटक्याने खाली जाते. तेथे दगड ठेवून ते दुसऱ्या दिशेने येतात, आणि दोन रेषा जेथे छेदतात तेथे नारळाची परीक्षा होते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ शेंडी वर करून उभा राहू लागला की जागा पक्की झाली असे समजले जाते. काही पाणाडे फांदीऐवजी तांब्याच्या किंवा पितळेच्या वाकवलेल्या तारा वापरतात, काही लोलक धरतात. मामा पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेले, आहेत, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी व धन कळते ही आपल्याकडची जुनी समजूत त्यांच्या व्यवसायाला उपयोगी पडते. तरुण पाणाड्यांपैकी काही जण जन्माऐवजी ओ पॉझिटिव्ह रक्तगटाचा दाखला देतात; काळाप्रमाणे पात्रतेचे निकषही सुधारले, असे म्हणायला हरकत नाही.

या भेटीतून ग्राहकाला तीन गोष्टी मिळतात : जागा, खोली आणि ‘इंची’, म्हणजे बोअरमधून किती जाड धार येईल त्याचे माप. “एकशे ऐंशीला पहिले पाणी, सव्वादोनशेला दुसरे, दोन इंची कुठे जात नाही,” अशा नेमक्या भाषेत निकाल दिला जातो. मोबदल्याविषयी मामांची काही अट नाही. नारळ, टॉवेल आणि जे मनाला येईल ते द्यावे. पाणी लागल्यावर लोक आपणहून पुन्हा जाऊन पैसे, कपडे देतात. वेळ पाळणे, गोड बोलणे, घाई न करणे, चहापलीकडे कशाचीही अपेक्षा न ठेवणे या सर्व बाबतींत ही सेवा मी शहरात घेतलेल्या पुष्कळ सेवांपेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने नोंदवतो. शिवाय मामांना शिवार माहीत आहे. कोणत्या ओढ्याच्या काठची विहीर उन्हाळ्यात टिकते, कोणाचा बोअर किती फुटांवर कोरडा गेला, कोठे मुरूम खोल आहे, हे सारे त्यांच्या बोलण्यात येते. आणि त्यांनी दाखवलेल्या जागा बहुधा उताराच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या जवळ, जेथे कोणताही जाणता शेतकरी बोट दाखवील अशाच असतात. त्यांच्या सल्ल्यात जे काही मोलाचे आहे ते मला या माहितीत आहे असे वाटते. अण्णांना ते फांदीत आहे असे वाटते, आणि सारा प्रश्न येथून सुरू होतो.

आमच्या शेतातला मामांनी दाखवलेला एक बोअर सांगितलेल्या खोलीच्या पुढे बराच खाली जाऊनही कोरडा गेला. नुसता धुरळा येत राहिला. बोअरच्या गाडीचा दर फुटावर असतो, केसिंगचे, म्हणजे भोकाच्या आत घालायच्या नळीचे, पैसे वेगळे, आणि कोरडा गेला म्हणून गाडीवाला काही सोडून देत नाही. त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर जी चर्चा झाली ती मी लक्षपूर्वक ऐकली, कारण मला खर्चापेक्षाही तिच्यात जास्त रस होता. गाडी ओळंब्यात उभी नव्हती, त्यामुळे बोअर तिरका गेला आणि झरा हुकला, असे एकाचे म्हणणे. खुणेचा दगड कोणीतरी दीड-दोन हात सरकवला असावा, असे दुसऱ्याचे. आणखी पन्नास फूट गेलो असतो तर हमखास लागले असते, हे तिसऱ्याचे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाचशे फुटांचा बोअर घेऊन पाणी ओढून नेले, हे चौथे. मामा ज्या दिवशी आले त्या दिवशी घरातल्या एकाच्या मनात शंका होती, हे पाचवे कारण सांगताना सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मामा चुकले असतील, ही शक्यता मात्र त्या बैठकीत कोणाच्याही तोंडी आली नाही. ती मनात येऊन गिळली गेली असेही मला जाणवले नाही. ती कोणाच्या मनात आलीच नाही.

पुढे त्याच शेतात, मामांनीच दाखवलेल्या दुसऱ्या जागी, बऱ्यापैकी पाणी लागले. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे याविषयी पाच मते झाली नाहीत. ही सेवा ज्या वहीवर चालते ती वही ग्राहक स्वतः लिहितो : लागलेले पाणी मामांच्या नावे जमा होते, कोरडे गेलेले भोक गाडीवाल्याच्या, शेजाऱ्याच्या, नाहीतर नशिबाच्या नावे खर्ची पडते. अशा हिशेबात कोणत्याही पाणाड्याला तोटा येणे शक्य नाही. म्हणूनच “अहो, पण अनुभव आहे ना लोकांना” हे जे या सेवेचे मुख्य प्रशस्तिपत्र, ते मला अपुरे वाटते. अनुभव खराच असतो. त्याची नोंद एकतर्फी असते.

आता जमिनीखाली प्रत्यक्षात काय आहे ते पाहू, कारण त्यावाचून ‘पाणी लागले’ या शब्दांचे वजन कळत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. त्यातला एकसंध काळा पाषाण पाणी जवळजवळ धरतच नाही. पाणी असते ते वरच्या कुजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, खडकाच्या भेगा-सांध्यांत, दोन थरांच्या मधल्या पट्ट्यात, आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या खडकात, तोही झिजून-फुटून पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या असतील तर. ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो त्या खडकाच्या पोकळ्या बहुधा खनिजांनी भरलेल्या असतात, म्हणून तेथेही पाणी मिळेलच असे नाही. पाणी धरणाऱ्या बेसाल्टमधूनही जे पाणी आपल्याला उपसता येते ते त्या खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के इतकेच असते. माणसाच्या शरीरात शिरा असाव्यात तसे जमिनीखाली पाण्याचे झरे वाहत असतात आणि त्यातला एक नेमका गाठायचा असतो, हे जे चित्र पाणाड्याच्या सेवेच्या मुळाशी आहे, ते आपल्या खडकाला लागू पडत नाही. वरचा भिजलेला थर पुष्कळदा शेतभर कमीअधिक जाडीने पसरलेला असतो, आणि पावसाळा बरा झाला असेल तर त्यात कोठेही भोक पाडले तरी थोडेफार पाणी येतेच. अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थाही पाणाड्यांच्या यशाचे हेच स्पष्टीकरण देते : पुष्कळ प्रदेशांत भूजल इतके सर्वदूर असते की कोरडे भोक पाडणेच अवघड.

त्यात मोजणीचा आणखी एक घोळ आहे. गाडीचा कॉम्प्रेसर चालू असताना बोअरमधून जो फवारा उडतो तो पाहून लोक ‘दोन इंची’, ‘तीन इंची’ म्हणतात, फोटो काढतात, गुलाल उधळतात. त्या फवाऱ्यात भोकात साठलेले आणि आसपासच्या भेगांतून एकदम सुटलेले पाणी असते. बोअर खरोखर किती देतो हे काही तास सलग उपसा करून, पातळी किती उतरते आणि किती वेळात परत चढते ते पाहिल्यावर कळते. फाल्गुन-चैत्रात तो किती देतो, हा तर त्याहून वेगळा प्रश्न. आमचा ‘लागलेला’ बोअर होळीनंतर अर्धा तास चालून थांबतो. पण गावाच्या स्मरणात त्याची नोंद अजूनही ‘दोन इंची’ अशीच आहे.

ही सेवा ज्यांनी पद्धतशीरपणे तपासली त्यांचे निष्कर्ष उपलब्ध आहेत, आणि ते मी अण्णांना सविस्तर सांगितले होते. १९९० साली जर्मनीत कासेल येथे सुमारे ३० पाणाड्यांची चाचणी घेतली गेली. जमिनीखाली ५० सेंटिमीटरवर प्लास्टिकची नळी पुरली होती आणि तिच्यातले पाणी झडप फिरवून सोडता वा बंद करता येत होते. नळी कोठे आहे हे सर्वांना दाखवलेले होते. या क्षणी तिच्यातून पाणी वाहत आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. अटी सहभागी पाणाड्यांना मान्य होत्या आणि आपण उत्तीर्ण होणार याची त्यांना खात्री होती. निकाल नाणे उडवून मिळावा तसाच आला. त्यानंतर पाणाड्यांनी आपली विद्या सोडली नाही. त्यांनी कारणे दिली. आमच्या ओट्यावरची कारणे आणि त्यांची कारणे यांत फारसे अंतर नव्हते.

म्युनिकची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात अडाणी-शहाणा असा सोयीचा भेद करता येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन सरकारच्या पैशातून तेथे मोठा प्रयोग झाला. सुमारे ५०० पाणाड्यांमधून चाळून ४३ जण निवडले गेले. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याची नळी गाड्यावर ठेवून १० मीटरच्या रेषेवर हवी तेथे सरकवली जाई आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने ती कोठे आहे ते सांगायचे, अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना काही साधले नाही, पण थोड्या जणांकडे निश्चित कौशल्य आहे. पुढे १९९९ मध्ये जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा मांडून दाखवली. जे सर्वोत्तम ठरवले गेले होते त्यांची उत्तरेही एका चाचणीकडून दुसरीकडे टिकत नव्हती; आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘नळी मधोमध आहे’ असे सांगत राहिलेल्या माणसापेक्षा सर्वांत चांगला पाणाडा सरासरीने केवळ ४ मिलिमीटर जवळ पोहोचला होता. दहा मीटरच्या रेषेवर चार मिलिमीटर. मूळ प्रयोगकर्त्यांनी हे मान्य केले नाही. ते पदवीधर होते, संख्याशास्त्र जाणत होते, समोर आकडे त्यांचे स्वतःचे होते.

अण्णांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. “अरे, तिकडची जमीन वेगळी, तिकडचे लोक वेगळे,” एवढेच ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “नळीतले पाणी आणि धरणीच्या पोटातले पाणी एक असते होय?” दुसऱ्या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर होते. फांदी जर नळीतले पाणी ओळखत नसेल, तर गावातल्या पाइपलाइनची गळती शोधायला ग्रामपंचायत मामांनाच का बोलावते, असे मी विचारले. अण्णा हसले आणि त्यांनी विषय बदलला. बोअरचा निर्णय बदलला नाही.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. मामा फसवत नाहीत. फांदी त्यांच्या हातात खरोखर फिरते आणि ती आपण फिरवली असे त्यांना जराही वाटत नाही. ताणून धरलेली बेचकी ही अशी अस्थिर वस्तू आहे की मनगट किंचित वळले तरी टोक जोरात खाली जाते. आणि ‘येथे असावे’ असे मनात आले की मनगटाचे स्नायू आपल्या नकळत तेवढे वळतात. फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्ये लोलकाच्या बाबतीत हे दाखवले होते, आणि इंग्लंडमध्ये शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये अशा नकळत होणाऱ्या हालचालींना शास्त्रीय नाव दिले. बेचक्याच्या फांदीचे एक प्रसिद्ध जुने वर्णन तर १५५६ सालचे, जर्मनीतल्या खाणींमधले आहे, आणि ते लिहिणाऱ्या अॅग्रिकोलानेच जाणत्या खाणकऱ्याला या काठीची गरज नाही असा सल्ला दिला आहे. आपल्याकडे ही विद्या वराहमिहिराची म्हणून सांगितली जाते. त्याच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचे भूजलावरचे प्रकरण आहे हे खरे, पण त्यातला भर झाडे, वारुळे, माती आणि दगड यांच्या खुणा डोळ्यांनी पाहण्यावर आहे. त्यातल्या सगळ्याच खुणा आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. तरी ओल असलेल्या ठिकाणी विशिष्ट झाडे वाढतात हे निरीक्षण आहे, आणि निरीक्षण तपासता येते.

ही सेवा केवळ खेड्यातच चालते असेही नाही. २०१७ साली ब्रिटनमध्ये चौकशी केली असता तेथील १२ पाणीपुरवठा कंपन्यांपैकी १० कंपन्यांचे कर्मचारी गळती किंवा जलवाहिन्या शोधण्यासाठी तेव्हाही अशा तारा वापरत होते असे उघड झाले. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत बोअरचा विषय निघाला तेव्हा पाणाड्याला आणण्याचा ठराव ज्यांनी मांडला ते निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत. मी हरकत घेतली तेव्हा त्यांनी आयुष्यभर पाहिलेली उदाहरणे सांगितली. सर्व उदाहरणे पाणी लागल्याची होती.

प्रतिस्पर्धी सेवेविषयीही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण तिच्यातल्या उणिवांमुळेच पाणाड्याचा धंदा टिकून आहे. ज्याला गावात ‘मशीनवाला’ म्हणतात तो भूवैज्ञानिक जमिनीत चार सळ्या ठोकतो, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतो, आतल्या दोहोंमधला विजेचा दाब मोजतो आणि सळ्यांमधले अंतर वाढवत नेऊन निरनिराळ्या खोलीवरचा खडक विजेला किती विरोध करतो याचा अंदाज बांधतो. ओला, फुटलेला खडक कमी विरोध करतो. कोरडा एकसंध पाषाण जास्त. पद्धत तर्कशुद्ध आहे. पण चिकणमाती किंवा दोन लाव्हा थरांमधला तांबड्या मातीचा पट्टासुद्धा कमी विरोध दाखवतो आणि तेथे पाणी फारसे निघत नाही. अरुंद भेग खोलवर असेल तर ती या मोजणीत हरवून जाते. त्यामुळे प्रामाणिक भूवैज्ञानिक ‘शक्यता आहे’ यापुढे जात नाही. त्याचा अहवाल आलेखांचा, इंग्रजीतला आणि शेतकऱ्याला न कळणारा असतो. फी ठरलेली असते आणि पाणी न लागल्यास ती परत मिळत नाही. आमच्याकडे आलेला तरुण तर मोजणी करून दुसऱ्या गावाला जायच्या घाईत होता. जागेची खूण दाखवून त्याने दोन वाक्यांत विषय संपवला. ज्या माणसाला कर्ज काढून बोअर घ्यायचा आहे त्याला, एका बाजूला “साठ टक्के म्हणता येईल” असे सांगणारा घाईतला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला “दोन इंची कुठे जात नाही” असे सांगणारे मामा, यांतून निवड करायची असेल, तर तो कोणाकडे वळेल हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक जण निवड करतच नाहीत, दोघांनाही बोलावतात. आधी मामा जागा दाखवतात, मग मशीनवाल्याला मुद्दाम त्याच जागेवर उभे केले जाते. त्याने होकार दिला तर “विज्ञानानेही मान्य केले” असे सांगितले जाते. त्याने नकार दिला तर मशीन बिघडले असावे, मुलाला अनुभव नाही, किंवा ऊन जास्त असल्याने आकडे चुकले, अशी चिकित्सा सुरू होते. चिकित्सक बुद्धी आपल्या लोकांत नाही, ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. ती भरपूर आहे. मामांच्या विरोधात जाणाऱ्या पुराव्यावर ती अतिशय बारकाईने चालते. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात हेच दिसले होते. फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे निम्मे आणि विरोधातले निम्मे, अशा दोन्ही गटांना एक अनुकूल आणि एक प्रतिकूल असे दोन अभ्यास वाचायला दिले गेले. प्रत्येक गटाने आपल्याविरुद्धच्या अभ्यासातल्या उणिवा नेमक्या हेरल्या आणि आपल्या बाजूचा अभ्यास सहज स्वीकारला. शेवटी दोन्ही गट आपापल्या मतावर आधीपेक्षा पक्के झाल्याचे सांगत होते. अलीकडच्या मोठ्या प्रयोगांत मात्र असेही आढळते की चुकीची माहिती दुरुस्त करून दिल्यावर माणसे हट्टाने उलट्या दिशेला जातातच असे नाही. पुष्कळदा ती दुरुस्ती मान्य करतात आणि तरीही मूळ निर्णय सोडत नाहीत. अण्णांचे हसून विषय बदलणे मला या दुसऱ्या प्रकारात मोडणारे वाटते.

आणि हे नुसत्या अज्ञानातून होत नाही. कोरड्या बोअरनंतर घरात कोणीतरी दोषी ठरणार असते. ‘मामांनी सांगितले होते’ असे म्हणता आले तर अण्णा दोषी ठरत नाहीत, आणि मामांवर तर गावाचा विश्वास आहेच. या संरक्षणाची किंमत नारळ, टॉवेल आणि काही नोटा एवढीच असेल तर सेवा महाग आहे असे म्हणता येत नाही. मामा चुकू शकतात हे एकदा मान्य केले, की मागच्या सगळ्या बोअरचा, आजोबांनी खणलेल्या विहिरीच्या जागेचा, गावजेवणात मामांना दिलेल्या मानाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. एका कोरड्या भोकासाठी एवढे कोण करील?

मात्र शेतकरी भूजलाविषयीची नकोशी माहिती स्वीकारतच नाही असे कोणी म्हणेल तर आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण त्याच्या विरोधात आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिके नाकारली, आणि दरवर्षी पाऊस व विहिरींच्या पातळ्या मोजून रब्बीचे नियोजन करण्याची पद्धत बसवली. अशी बंदी स्वतःवर घालून घेणे म्हणजे आपल्या पायाखाली अखंड झरे आहेत ही समजूत सोडून देणे होय. पुण्यातील ‘अॅक्वाडॅम’ ही संस्था गावकऱ्यांना खडक ओळखायला आणि विहिरींची पातळी मोजायला शिकवते. १९७२ मध्ये स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवते. आणि डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडावा यावर भर दिला गेला. या सगळ्यांत मला एक धागा दिसतो. पाटीवर लिहिलेला आकडा ज्याने स्वतः दोरी सोडून मोजला आहे, तो त्या आकड्याशी भांडत नाही. माझ्यासारख्या पुण्याहून आलेल्याने जर्मनीतला आकडा सांगितला की तो भांडतो, आणि काही अंशी ते स्वाभाविकही आहे. अण्णा स्वतः दर अमावस्येला विहिरीचे कडे मोजू लागले आहेत. बोअरच्या जागेविषयी त्यांचे मत बदललेले नाही, पण उन्हाळी भुईमूग त्यांनी कोणाला न विचारता कमी केला.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्याला शिवाराची माहिती असलेल्या, गोडबोल्या, वडीलधाऱ्या माणसाबरोबर शेत फिरायचे आहे आणि निर्णयाचा भार वाटून घ्यायचा आहे, त्याने जरूर घ्यावी. तेवढ्यापुरते मी तिला पाचपैकी चार गुण देईन. पाणी शोधण्याचे साधन म्हणून एकही देता येत नाही. ज्याचे बोअरसाठी कर्ज काढायचे ठरले आहे त्याने आधी शेजारच्या विहिरी-बोअरची खोली, लागलेल्या थरांची नोंद आणि वैशाखातली पातळी गोळा करावी, जाणकार भूवैज्ञानिकाला पूर्ण दिवसाचे पैसे देऊन त्याच्याकडून मराठीत समजावून घ्यावे, आणि राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, ही खोलीची मर्यादा कशासाठी घातली आहे तेही विचारावे. त्यानंतरही बोअर कोरडा जाऊ शकतो.

मामांनाच बोलवायचे असेल तर गाडी येण्यापूर्वी जागा, खोली आणि इंची कागदावर लिहून त्यांची सही घ्यावी, आणि दाखवलेली जागा डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पुन्हा शोधायला सांगावी, अशी माझी सूचना आहे. मी ती आमच्या शेतात करून पाहिली. मामा रागावले नाहीत. “पाण्याची अशी परीक्षा बघू नये, बाळा, ते वाट बदलतं,” असे म्हणून त्यांनी कागद घडी करून मला परत दिला, आणि अण्णांनी त्यांना खालच्या पट्टीतल्या नव्या बोअरसाठी पाडव्यानंतरची तारीख दिली.